काजव्यापुढे बॅटरी

‘सूर्यापुढे काजवा’ असं आपण एखाद्याचं थिटेपण दाखवायला म्हणतो. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, रोहिणी सरून मृग लागण्याच्या दिवसांत, भंडारदऱ्याच्या परिसरात या म्हणण्याला वेगळाच अर्थ येतो. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे, उडदावणे ही अकोले तालुक्यातली गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या मुलखातली. वळवाच्या सरींनी हवेत ओल आली की इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे एका लयीत उजळतात आणि विझतात. ते बघायला मुंबई, पुणे, नाशिकहून येणाऱ्या मोटारींची शनिवारी-रविवारी रांग लागते. अलीकडे वनखातं वाहनांवर आणि प्रवेशाच्या वेळेवर निर्बंध घालतं, तेव्हा पर्यटक कुरकुरतात. माझ्या मते हे निर्बंध आणखी कडक हवेत, आणि त्याचं कारण काजव्याच्या आयुष्यक्रमातच आहे.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गोतातला कीटक. जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. पोटाच्या टोकाशी असलेल्या पेशींत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीनं प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णता न देणारा उजेड पडतो. ही माहिती शाळेच्या पुस्तकातही सापडते. हा उजेड कोणासाठी पडतो, याची चर्चा मात्र कमी होते. तो आपल्यासाठी नसतो. नर लुकलुकून खूण करतो, पानावर किंवा गवतात बसलेली मादी ठरावीक अंतरानं उत्तर देते, आणि त्या अंतरावरून आपल्या जातीचं कोण ते नराला कळतं. या संभाषणाला मुदतही फार थोडी. काजव्याची अळी कित्येक महिने ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली गोगलगायी आणि गांडुळं खाऊन वाढते, आणि पंख फुटल्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. अनेक जातींचे प्रौढ काजवे फारसं खातही नाहीत. जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं एवढंच काम शिल्लक असतं. आपल्या दृष्टीनं सुट्टीची एक रात्र वाया जाते, ती त्याच्या प्रौढ आयुष्याचा चांगला मोठा हिस्सा असते.

यावर नेहमीचं उत्तर असं की क्षणभर बॅटरी मारली तर काय बिघडतं, दरवर्षी तर काजवे दिसतातच. पण एका झाडाखाली पन्नास माणसं उभी असली की प्रत्येकाचा क्षण मिळून अख्खी रात्र होते. मोबाइलचा फ्लॅश, गाडी वळवताना झाडावर फिरणारा झोत, ढाब्यावरचे पांढरे दिवे, या सगळ्यात मादीचं फिकट उत्तर नराला दिसतच नाही. शिवाय यंदा दिसणारे काजवे मागच्या पिढीनं घातलेल्या अंड्यांतून आलेले असतात. यंदाचं नुकसान यंदा दिसत नाही. झाडाखालची माती आणि गवत तुडवलं गेलं, तर त्याचा हिशेब पुढच्या मृगात लागतो. काजव्यांचे सर्वांत मोठे शत्रू पर्यटक नाहीत, हे मात्र खरं आहे. 2020 साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात काजव्यांना असलेल्या धोक्यांविषयी जगभरच्या तज्ज्ञांची मतं प्रसिद्ध झाली. त्यांत अधिवासाचा नाश पहिला होता, आणि रात्रीचा कृत्रिम उजेड व कीटकनाशकं ही त्याखालोखालची मोठी संकटं होती. पण अभयारण्यात जंगल राखायला निदान कायदा आहे. उजेड तर आपण स्वतः गाडीत घालून तिथे नेतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना पेरणीआधीच्या या दिवसांत राहण्या-जेवणाच्या सोयीतून आणि वाटाड्याच्या कामातून चार पैसे मिळतात. गर्दी घटली तर ते बुडतील, असं म्हटलं जातं. पण रात्री येऊन चहा पिऊन परत फिरणारी गाडी गावाला काय देते? घरी मुक्काम करून दोन वेळा जेवणारा पाहुणा जास्त देतो आणि अंगणातूनच काजवे बघतो. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात एका तालात चमकणारे काजवे बघण्यासाठी गाड्यांची संख्या ठरवून सोडत काढली जाते, आणि तरीही लोक अर्ज करतात. मर्यादा घातल्यानं ओढ कमी झालेली नाही. आपल्याकडेही घरांची क्षमता पाहून, स्थानिकांच्या हाती नोंदणी देऊन हे करता येईल.

तोवर जाणाऱ्यांनी आपल्यापुरतं एवढं तरी करावं. अमावास्येच्या आसपासची, आठवड्याच्या मधली रात्र निवडा. गाडी गावातच लावून चालत जा, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गप्प थांबा. वाटेसाठी बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरा. मुलांना काजवा बाटलीत भरून देऊ नका. शहरात आणलेला काजवा थोड्याच दिवसांत मरतो, आणि मादी असली तर तिची अंडीही तिच्याबरोबरच जातात.