जावास्क्रिप्टची मुलाखत आणि स्वाध्यायाची पाच अंगे

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेकडे निघाले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते आणि तिच्या पुढे करमाड. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील हे स्थानक म्हणजे भोवतालच्या खेड्यांची बाजारपेठ. ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक नगरीचे मुख्य कार्यालय येथून जवळच असून त्याचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. परिसर बदलला, तशी व्यापारी घरांतील मुलांची वाटही बदलली. दुकानाच्या गल्ल्याजवळ लहानाचा मोठा झालेला मुलगा किंवा मुलगी आज संगणकाची पदवी घेऊन पुण्याच्या वा बंगळूरच्या कंपनीत मुलाखतीला जाते. विषय असतो जावास्क्रिप्टची मूलतत्त्वे. आईवडिलांना वाटते, यात आपण काय मदत करणार? प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की, तयारीची पद्धत आपल्या घरात पूर्वापार आहे.

प्रथम या भाषेविषयी थोडेसे. संकेतस्थळाच्या पानावर बटण दाबताच काही घडते, चुकीचा भ्रमणध्वनी क्रमांक भरल्यास सूचना येते, ही कामे प्रामुख्याने जावास्क्रिप्ट करते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांच्या सुमारास सिद्ध केला. १९९७ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले आणि २०१५ मध्ये तिच्यात मोठ्या सुधारणा झाल्या. घाईच्या जन्मामुळे तिच्यात काही विक्षिप्त गोष्टी राहून गेल्या. त्या काढाव्यात तर जुनी संकेतस्थळे बंद पडतील, म्हणून त्या तशाच आहेत; आणि मुलाखतकारांचे आवडते प्रश्न नेमके त्यांच्यावरच असतात.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्याय हे अंतरंग तप सांगितले असून त्याचे पाच प्रकार दिले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. उत्तराध्ययनात आम्नायाच्या जागी परिवर्तना आणि धर्मोपदेशाच्या जागी धर्मकथा हे शब्द येतात. स्वाध्यायाचे प्रयोजन आत्मशुद्धी आहे, नोकरी नव्हे, हे भान ठेवूनच त्यातील शिस्त विद्येसाठी उसनी घ्यावी.

वाचना म्हणजे मूळ ग्रंथाचे वाचन. पन्नास प्रश्नोत्तरांची तयार यादी घोकण्यापेक्षा मोझिलाच्या ‘एमडीएन’ या विनामूल्य माहितीकोशातील चल, विदाप्रकार, फंक्शन, स्कोप, क्लोजर, ॲरे आणि प्रॉमिस ही प्रकरणे क्रमाने वाचावीत.

पृच्छना म्हणजे ‘असे का?’ हा प्रश्न. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या ५ मध्ये ३ मिळवले तर जावास्क्रिप्ट ५३ हे उत्तर देते. वजा केले तर २. कारण अधिक चिन्हाला दोन कामे आहेत, आकड्यांची बेरीज आणि मजकुराची जोडणी. एक बाजू मजकूर असेल तर दुसरीही मजकूर होते. वजाबाकीला मात्र आकडेच लागतात. दुहेरी बरोबर हे चिन्ह प्रकार बदलून तुलना करते, तर तिहेरी बरोबर प्रकारासकट तुलना करते, म्हणून तिहेरीच वापरावे. उत्तर कोणीही पाठ करील. कारण सांगणाऱ्याची निवड होते.

अनुप्रेक्षा म्हणजे चिंतन, नवे ज्ञान आपल्या अनुभवाशी ताडून पाहणे. येथे व्यापाऱ्याचे मूल इतरांच्या पुढे असते. ‘कॉन्स्ट’ने घोषित केलेल्या ॲरेत नवी नोंद का घालता येते? खातेवहीतील खाते तेच राहते, त्यातील नोंदी वाढतात, तसेच हे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, कारण संगणक द्विमान पद्धतीने आकडे साठवतो आणि हे अपूर्णांक त्यात पूर्णपणे मावत नाहीत. म्हणून रकमेचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवता पूर्ण पैशांत ठेवावा. आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळविलेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. तसेच इव्हेंट लूपचे. गल्ल्यावर माणूस एकच. समोरच्या गिऱ्हाइकाचे काम संपल्याखेरीज तो दुसरे घेत नाही. म्हणून शून्य वेळेचा टायमर लावला तरी तो हातातले काम संपेपर्यंत थांबतो, आणि पूर्ण झालेल्या प्रॉमिसचे पुढचे काम त्याच्याही आधी होते.

आम्नाय म्हणजे शुद्ध आवृत्ती. रोज एका सामायिकाएवढा, ४८ मिनिटांचा, वेळ ठरवावा. छोटा प्रोग्राम कागदावर लिहावा, उत्तर आधी स्वतः सांगावे आणि मगच संगणकावर चालवून पाहावे. अंदाज चुकेल तेथे अभ्यास पुन्हा सुरू करावा.

धर्मोपदेश म्हणजे दुसऱ्यास समजावून सांगणे, आणि येथे आईवडिलांचे काम सुरू होते. दुकान वाढविल्यावर अर्धा तास समोर बसावे आणि विचारावे, “क्लोजर म्हणजे काय, मला मराठीत सांग.” फंक्शन आपल्या जन्मस्थानाचे चल नंतरही लक्षात ठेवते, हे घरच्यांना समजेल अशा शब्दांत सांगता आले, तर मुलाखतकारांपुढे जीभ अडखळणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनुभवाचा खोटा दाखला जोडणे, ऑनलाइन मुलाखतीत पडद्याआडून दुसऱ्याकडून उत्तरे घेणे, असे मार्ग सुचविणारे आज भेटतात. असे करणे सत्य आणि अचौर्य या दोन्ही अणुव्रतांचा भंग आहे. व्यवहारातही ते महागात पडते, कारण दाखल्यांची पडताळणी होते आणि कामावर पहिल्याच आठवड्यात खरे ज्ञान उघडे पडते. उत्तर येत नसेल तर “मला हे ठाऊक नाही, मात्र मी अशा रीतीने शोधीन” असे स्पष्ट सांगावे. आपल्या पूर्वजांनी करमाडसारख्या गावांत तारणावाचून उधारी मिळविली ती शब्दाच्या बळावर. भांडवल बदलले तरी मुलांना द्यावयाची पत तीच आहे.