एका आराखड्याची दोन जहाजं

लंडनमधल्या ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ब्रिटिश नौदलाच्या शिडाच्या जहाजांचे मूळ आराखडे जपलेले आहेत. त्यांतले बहुतेक एका फुटाला पाव इंच या प्रमाणात काढलेले आहेत, म्हणजे 1:48. दीडशे फूट लांबीचं जहाज त्या कागदावर तीन फुटांहून थोडी अधिक जागा घेतं. जहाजांची मोठी मॉडेलं करणारे जगभरचे कारागीर याच आराखड्यांच्या प्रती मागवतात. कुणी पाव इंचावरच काम करतं, तर कुणी प्रमाण दुप्पट करून 1:24 वर जातं. मग नुसतं कवचच सहा फुटांच्या पुढे जातं आणि डोलकाठ्या उभ्या केल्यावर घरातली एक खोली त्या जहाजाचीच होऊन बसते.

एका तावावर जहाज तीन बाजूंनी काढलेलं असतं. पहिली आकृती बाजूने दिसणारी. दुसरी वरून, तीही निम्मीच, कारण डावी-उजवी बाजू सारखीच असते. तिसरी समोरून, आडव्या छेदांची, आणि जाणकाराची नजर पहिल्यांदा जाते ती हिच्यावर. मधल्या उभ्या रेषेच्या एका अंगाला नाळेकडचे छेद, दुसऱ्या अंगाला मागच्या बाजूचे. एकात एक बसलेल्या त्या वक्र रेषांत जहाजाचा सगळा स्वभाव असतो. वाऱ्यात ते किती कलेल, पाणी कसं कापेल, पोटात किती माल किंवा किती तोफा घेईल, हे अनुभवी माणूस त्यावरून सांगतो.

मॉडेल करणारा हे छेद लाकडी पाटीवर उतरवून कापतो आणि कण्यावर ठरावीक अंतराने उभे करतो. मग लवचीक पातळ पट्टी नाळेपासून मागपर्यंत सगळ्या छेदांवरून वाकवून पाहतो. जिथे ती छेदाला टेकत नाही किंवा फुगवटा येतो, तिथे घासायचं किंवा भर घालायची. फळ्या चढवण्याआधी दिवसच्या दिवस यातच जातात आणि घाई करणाऱ्याचं जहाज इथेच बिघडतं. कागदही दगा देतो. जुना ताव हवेतल्या ओलाव्याने ताणतो आणि आकसतो, प्रत काढताना आणखी फरक पडतो. म्हणून जाणता कारागीर आपली फूटपट्टी थेट कागदावर लावत नाही. आराखड्यावरच काढलेली फुटांची मोजपट्टी असते, तिच्यावरून तो प्रत्येक माप घेतो.

अशाच एका आराखड्यावर मुंबईच्या गोदीत एक जहाज बांधलं गेलं, ते आजही पाण्यावर तरंगतं आहे. मराठी वाचकाला त्याची ओळख असायला हवी.

त्या आराखड्याचं मूळ फ्रान्समधलं. झाक-नोएल साने हा त्या काळातला फ्रान्सचा नामवंत जहाजरचनाकार. त्याने आखलेलं 'एबे' हे फ्रिगेट सप्टेंबर 1782 मध्ये इंग्रजांच्या हाती लागलं. इंग्रजांनी त्याच्या रेषा मोजून कागदावर घेतल्या आणि थोडे फेरफार करून त्यांवर जहाजांची एक मालिकाच बांधली. मालिकेतलं पहिलं जहाज 'लीडा' 1800 मध्ये पाण्यात उतरलं. वर्गाचं नावही तेच झालं. शत्रूचं जहाज पकडून त्याच्या रेषा उचलणं तेव्हा सर्रास चाले, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. चांगली रेषा ओळखणं ही मोठी विद्या आहे.

1812 मध्ये याच आराखड्यावर मुंबईत 'ट्रिंकोमाली' बांधायचा हुकूम निघाला. नेपोलियनच्या युद्धांसाठी एवढी जहाजं बांधली गेली होती की इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा पडला होता. मुंबईत साग होता आणि वाडिया घराणं होतं. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले. 1750 मध्ये मुंबईत सुकी गोदी झाली, ती आशियातली पहिली मानली जाते. लवजींचे नातू जमशेटजी बोमनजी यांच्या हाती आता गोदीतली जहाजबांधणी होती.

मुंबईसाठी निघालेले आराखडे इंग्रजांच्या 'जावा' या युद्धनौकेवर होते. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने तिला गाठलं. काही तासांच्या लढाईत 'जावा'ची इतकी चाळण झाली की अमेरिकनांनी ती ओढून न नेता जाळून टाकली. आराखडेही तिच्याबरोबर गेले. त्याच नौकेवरून हिंदुस्थानात यायला निघालेले जनरल थॉमस हिस्लॉप कैद झाले आणि पुढे सुटले. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचं सैन्य घेऊन उभे राहिलेले हिस्लॉप ते हेच.

आराखड्यांची दुसरी प्रत काढून मुंबईला पाठवावी लागली. 'ट्रिंकोमाली'चा कणा 1816 मध्ये बसला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरलं. पुढच्याच महिन्यात खडकीची आणि नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली. मराठी राज्य बुडत होतं त्याच आठवड्यांत मुंबईच्या गोदीत हे जहाज सजत होतं. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत, म्हणून एकत्र सांगायला हव्यात.

कागदावरच्या रेषांवरून खरं जहाज उभं करण्याची रीत मॉडेलवाल्याच्या रीतीहून फार वेगळी नव्हती. फक्त सगळं अठ्ठेचाळीस पटींनी मोठं. प्रशस्त, सपाट फरशीवर छेद पूर्ण मापात आखायचे, त्यांवरून पातळ लाकडाचे फर्मे कापायचे, ते फर्मे लाकडाच्या ढिगाकडे नेऊन ज्या ओंडक्याचा नैसर्गिक बाक जुळेल तो निवडायचा. सरळ लाकूड कापून बाक काढला तर रेषा तुटतात आणि फासळी कच्ची राहते. कुठल्या झाडाची कुठली फांदी कुठे जाईल हे सुतार पाहताक्षणी सांगत असे, आणि ते आराखड्यात कुठेच लिहिलेलं नसे.

सागाचं मोल गोंदियाकडच्या दरेकसा, सालेकसा, देवरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. कोवळं पान चोळून तळहात लाल करण्यातच इथल्या पोरांचं बालपण जातं. मुंबईच्या जहाजांचा साग मुख्यतः मलबारचा, पण गुण तोच. सागात तेल असतं, त्यामुळे लाकूड सहसा कुजत नाही आणि त्यात ठोकलेलं लोखंडही टिकतं. ओकमधल्या आम्लाने खिळे गंजतात, खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. मुंबईची जहाजं पन्नास-पन्नास वर्षं चालली, त्याचं अर्धं श्रेय झाडाला जातं. मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला. 1827 मध्ये नवारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचं निशाण मुंबईच्याच 'एशिया'वर होतं.

'ट्रिंकोमाली' 1897 मध्ये मोडीत विकली गेली. जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती वाचवली. 'फूड्रॉयंट' या नावाने ती पुढे 1986 पर्यंत मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरात होती. 1987 मध्ये तिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला नेलं आणि 2001 पर्यंत तिची दुरुस्ती चालली. 1992 मध्ये तिला मूळ नाव परत मिळालं. आज तिच्या सांगाड्याचा मोठा भाग जमशेटजींच्या सुतारांनी घडवलेल्या सागाचाच आहे. नाळेवर फेटेवाल्या पुरुषाची मूर्ती आहे. तिचं भावंड 'युनिकॉर्न' 1824 मध्ये चॅटमला, त्याच आराखड्याच्या रेषांवर पण ओकमध्ये बांधलं गेलं. आत लोखंडी तिरप्या पट्ट्यांचा नवा आधार दिला गेला. शिडं कधी चढलीच नाहीत, पाण्यात उतरल्यावर लगेच वर छप्पर घातलं. ते आज स्कॉटलंडच्या डंडी बंदरात आहे. लीडा वर्गाची एवढीच दोन जहाजं उरली. पहिले आराखडे जिच्यामुळे नष्ट झाले ती 'कॉन्स्टिट्यूशन'ही बोस्टनला तरंगते आहे.

'ट्रिंकोमाली'ची दुरुस्ती शक्य झाली ती कागद जपल्यामुळे. कुजलेली फासळी काढली की तिच्या जागी काय होतं याचा पुरावा उरत नाही. शेजारच्या फासळ्याही शतकभरात खचलेल्या असतात. शिडाचं जुनं जहाज दोन्ही टोकांना खाली झुकतं आणि मध्ये उचललं जातं. खचलेल्या आकारावरून माप घेतलं तर खचणंच नव्या लाकडात उतरेल. मूळ रेषा कुठे होती हे आराखडाच सांगतो.

जुन्या मॉडेलची दुरुस्ती मात्र वेगळ्या नाजूकपणाने करावी लागते, आणि माझ्या मते नवं मॉडेल करण्यापेक्षा ती अवघड आहे. मॉडेलवरच्या तोफा, नांगर, कप्प्या पूर्वी शिशात ओतत. मॉडेल काचेच्या बंद पेटीत ठेवलं की पेटीच्या लाकडातून, विशेषतः ओकमधून, आम्लाची वाफ निघत राहते आणि शिशाची पांढरी भुकटी होते. धूळ बसू नये म्हणून केलेली पेटीच मॉडेलला खाते. उपाय साधा आहे. पेटीला हवा खेळायला जागा द्यायची, लाकूड बदलायचं आणि गेलेला भाग पितळेत करून बसवायचा. दोरखंडाची एक गाठ सोडण्याआधी तिचं छायाचित्र घ्यायचं. चिकटवायला सरस वापरायचा. ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला आपलं काम उलगडून पाहता येतं. आणि जुन्या मॉडेलवाल्याची चूक दिसली तरी ती सुधारायची नाही. कदाचित ती चूक नसेलच. खऱ्या जहाजात केलेला आणि आराखड्यात न आलेला बदल त्याने डोळ्यांनी पाहिला असेल.

आपल्या आरमाराबाबत हे सगळं करायचं म्हटलं की हात रिकामे राहतात. आंग्र्यांच्या गुराबांची, म्हणजे लढाऊ जहाजांची, वर्णनं आहेत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो की दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास असे, ती लांबीच्या मानाने रुंद असून उथळ पाण्यात चाले आणि पुढे निमुळती होत गेलेली असे. एवढ्यावर मॉडेलची एक फासळीही खात्रीने कापता येत नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. कोकणचा सुतार मापं मनात आणि हातात ठेवी, कागदावर नव्हे. जहाज गेलं आणि पुढे तो हातही गेला की काहीच उरत नाही.

आराखडा नसताना काय करावं लागतं ते भारतीय नौदलाच्या 'कौंडिण्य' या शिडाच्या नौकेने दाखवलं. अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज हाच तिचा आधार. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 12 सप्टेंबर 2023 रोजी तिचा कणा बसला. बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवल्या. चित्रकाराने काढलेलं जहाज खरोखर तरंगेल कसं, हे ठरवायला नौदलाने आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलवर पाण्यातल्या चाचण्या घेतल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला ती नौदलात दाखल झाली. काम मोठ्या हिमतीचं आहे, पण मापाची जागा अंदाजाने भरून निघत नाही.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी 1978 मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीची मुहूर्तमेढ रोवली, ती असल्याच पोकळ्या भरण्यासाठी. 'ट्रिंकोमाली'चं 1:24 प्रमाणातलं, एका बाजूच्या फळ्या न लावता आतल्या फासळ्या दाखवणारं मॉडेल महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या संग्रहालयात असावं, असं मला वाटतं. आराखडे उपलब्ध आहेत आणि सागही आपल्याकडे आहे.

त्याहून निकडीचं काम मात्र वाचकाच्या हातात आहे. कोकणात एखादा जुना लाकडी मचवा वाळूवर पडलेला असेल, गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर ढीवरांचा एखादा डोंगा अजून चालत असेल, तर तो मोडण्याआधी त्याची मापं घ्या. दोन्ही टोकांमध्ये सुतळी ताणा, दर दोन फुटांवर रुंदी आणि खोली मोजा आणि चौकटीच्या कागदावर एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात उतरवा. लाकूड कोणतं, घडवलं कुणी आणि कुठे, हेही विचारून लिहा. आणि त्या कागदाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या गावी ठेवा.