पियुषिका ग्रंथी आणि चिमूटभर मीठ

मानवी शरीराचा कारभार दोन मार्गांनी चालतो. मज्जातंतूंवाटे जाणारा संदेश क्षणार्धात पोहोचतो. रक्तावाटे जाणारा संदेश सावकाश पोहोचतो, परंतु त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. रक्तातील या संदेशवाहकांना संप्रेरके असे म्हणतात.

या व्यवस्थेत पियुषिका ग्रंथीचे स्थान जिल्हा मुख्यालयासारखे आहे. मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत वसलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी असून तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. बालकाची वाढ, मातेच्या दुधाची निर्मिती, प्रजनन आणि इतर ग्रंथींचे कार्य यांवर तिचे नियंत्रण असते. तिच्यावरही मेंदूतील अधश्चेतक या भागाची देखरेख असते.

आदेशाइतकेच महत्त्व अहवालाला असते. गळ्यातील अवटू ग्रंथीला पियुषिका टीएसएच या संप्रेरकाद्वारे आदेश देते. अवटूतून थायरॉक्सिन पुरेसे स्रवू लागले की रक्तावाटे तशी वर्दी मिळते व पियुषिका आपला आदेश सौम्य करते. थायरॉक्सिन कमी पडल्यास आदेश अधिक कडक होतो. म्हणूनच तपासणीत टीएसएच वाढलेले आढळल्यास बहुधा अवटूचे काम मंदावले आहे, असे डॉक्टर अनुमान काढतात.

परंतु थायरॉक्सिनसाठी आयोडीन हा कच्चा माल लागतो. तोच नसेल तर आदेश कितीही आले तरी काम होणार कसे? सततच्या आदेशांमुळे अवटू फुगते व गलगंड होतो. याहून गंभीर हानी डोळ्यांना दिसत नाही. गर्भवती मातेस आयोडीन अपुरे पडल्यास गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ही उणीव पुढे भरून निघत नाही.

प्रौढास दररोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीस 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. समुद्रापासून दूर असलेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात सागरी मासळी नित्याच्या आहारात नसते. धान्य व भाजीपाल्यातील आयोडीन जमिनीवर अवलंबून असते. म्हणून आयोडीनयुक्त मीठ हाच सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय ठरतो. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला. 1992 मध्ये त्याची व्याप्ती आयोडीनच्या कमतरतेमुळे होणाऱ्या सर्वच विकारांपर्यंत वाढविण्यात आली. थेट मानवी सेवनासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीस मे 2006 पासून बंदी आहे.

कायद्याची खरी अंमलबजावणी मात्र स्वयंपाकघरात होते. मीठ झाकणाच्या डब्यात, ओल व उन्हापासून दूर ठेवावे आणि शक्यतो शिजविण्याच्या अखेरीस घालावे. तपासणी संचातील द्रावणाचा थेंब टाकताच आयोडीनयुक्त मीठ निळसर जांभळे होते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. पंचायत सदस्यांनी गावातील दुकानांत कोणते मीठ विकले जाते याकडे लक्ष द्यावे. उद्याच्या पिढीची बुद्धी या चिमूटभर मिठाशी बांधलेली आहे.