ढाबळीतला दांडगा नर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर-मुरबाडकडे कुणाच्या पडवीला, कुणाच्या गोठ्यावरच्या माळ्यावर, तर कुणाच्या पत्र्याच्या शेडला लागून कबुतरांची ढाबळ असते. कुठे हौसेची लक्का आणि शिराजी, कुठे उडवायची गिरेबाज, कुठे लांबून घरी परतणारी होमर. अशा ढाबळीत एखादा नर हमखास निघतो, जो शेजारच्या खणात घुसतो, दुसऱ्याची अंडी तुडवतो, पिल्लांच्या डोक्यावर चोची मारतो आणि दाणा टाकणाऱ्या हातालाही पंखाची थापड देतो. त्याच्याविषयी पाळणाऱ्यांत ज्या समजुती चालत आल्या आहेत, त्यांच्या मुळाशी असलेले निरीक्षण बहुतेक वेळा खरे असते. निष्कर्ष मात्र फसतो, आणि त्याचे भोग पक्ष्याला भोगावे लागतात.

“कबूतर ही गरीब जात. मारामारी करतो तो नर बिघडलेला.”

कबुतराला ना ससाण्यासारखी वाकडी चोच, ना नख्या. त्यामुळे ते कुणाला इजा करील असे वाटत नाही. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोन्राड लॉरेन्झ यांनाही तसेच वाटले होते. त्यांनी होल्याचा एक नर आणि दुसऱ्या जातीच्या होल्याची एक मादी जोडी जमेल म्हणून एका पिंजऱ्यात ठेवली आणि ते परगावी गेले. परतल्यावर पाहतात, तर नर तळाशी पडलेला, डोक्यापासून पाठीपर्यंत सोललेला, आणि मादी त्याच्यावर उभी राहून अजून टोचत होती. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग सांगून कारणही दिले आहे. उघड्यावर हरलेला पक्षी क्षणात उडून जातो, म्हणून जिंकणाऱ्याला थांबण्याची उपजत सवय लागलेलीच नसते. पिंजऱ्यात पळायला जागा नसते आणि मारही थांबत नाही. ढाबळीत हेच घडते. आषाढात पावसाची झड लागली की पक्षी दिवसचे दिवस आतच राहतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत भांडणे वाढतात. नर बिघडलेला नसतो, त्याच्यापुढच्या दुबळ्याला वाट उरलेली नसते. या प्रसंगात मारणारी मादी होती, हेही विसरू नये.

“हा एक नर काढला की ढाबळ शांत होईल.”

काढल्यावर दोन दिवस शांतता असते, म्हणून ही समजूत टिकून आहे. मग रिकामी झालेली जागा दुसरा नर घेतो आणि तोही तसाच वागू लागतो. दोष जागेत आणि हिशेबात असतो. माद्यांपेक्षा नर जास्त झाले किंवा जोड्यांपेक्षा खण कमी पडले, की कुणीतरी दांडगाई करणारच. त्यातही सर्वांत उपद्रवी असतो तो बिनजोडीचा नर, आणि तो ओळखण्याची एक सोपी वेळ आहे. अंडी उबवण्याचे काम नर-मादी वाटून घेतात. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, उरलेला वेळ आणि सगळी रात्र मादी. म्हणून भर दुपारी बाराच्या सुमारास ढाबळीत डोकवावे. संसारी नर अंड्यांवर चिकटून बसलेले असतात आणि माद्या दांड्यांवर पिसे साफ करत असतात. त्या वेळी गळा फुगवून, शेपूट जमिनीला घासत, घुमत घुमत या खणातून त्या खणात जाणारा पक्षी दिसला, तर बहुधा तोच मोकळा नर. ज्या जोडीची अंडी अजून यायची आहेत तिचा नरही फिरताना दिसतो, म्हणून सलग काही दुपारी पाहून मगच निवाडा करावा. उपाय दोनच: त्याला मादी द्यावी, नाहीतर ढाबळीतून वेगळा ठेवावा. एका खणात चार अंडी दिसली, तर ती जोडी बहुधा दोन माद्यांची आहे, असे समजावे.

“स्वतःचा खण असून शेजारचाही बळकावतो, म्हणजे हावराच.”

पाहणाऱ्याला हा निव्वळ माज वाटतो. प्रत्यक्षात ती पुढच्या विणीची तयारी असते. पिल्ले दोन-तीन आठवड्यांची होतात न होतात, तोच जोडी पुढची अंडी घालायला लागते. जुन्या घरट्यात पिल्ले अजून लोळत असतात, विष्ठा साचलेली असते. नव्या अंड्यांना दुसरी जागा हवी, आणि जवळची जागा म्हणजे शेजाऱ्याचा खण. नर तिथे काड्या नेऊ लागतो, शेजारी अडवतो, आणि भांडणात शेजाऱ्याची अंडी फुटतात. एवढ्या एका गोष्टीने जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. प्रत्येक जोडीला दोन घरट्यांची सोय करावी: दीड-दोन फूट रुंदीचा खण आणि त्यात दोन कोपऱ्यांना दोन मातीची पसरट भांडी, किंवा शेजारी-शेजारी दोन लहान खण. दोन खणांच्या मध्ये फळी हवी, जाळी नको. जाळीतून समोरचा सतत दिसतो आणि नर दिवसभर तिथेच धडका देत बसतो. जोड्यांपेक्षा दोन-तीन खण जास्तच असावेत. सगळ्यांना वरचाच खण हवा असतो, म्हणून उरलेले खण वरच्या ओळीत रिकामे ठेवू नयेत. वरचे उरले तर ते फळी लावून बंद करावेत.

“मादीच्या मागे लागून तिला दाणाही खाऊ देत नाही. ही जोडी मोडावी.”

हे दृश्य खरोखर क्रूर दिसते. मादी पुढे, नर मागे, ती कुठेही उतरली की तो टोचून तिला खणाकडे हाकतो. पण हा छळ अंडे येण्याआधीच्या काही दिवसांपुरता असतो. त्या दिवसांत दुसऱ्या नराशी तिचा संबंध येऊ नये, यासाठीची ती राखण असते. जोड जमल्यापासून आठ ते बारा दिवसांत पहिले अंडे येते, दुसरे त्यानंतर साधारण ४४ तासांनी, आणि नराचे हाकणे थांबते. पुढचे १७-१८ दिवस तोच नर इमानाने अंड्यांवर बसतो आणि पिल्ले निघाल्यावर आपल्या अन्नपिशवीत तयार झालेले दह्यासारखे दूधही पाजतो. जोडी मोडली की नवी जुळवणी आणि नवे हाकणे पहिल्यापासून सुरू. त्यापेक्षा त्या दिवसांत दोघांना दाणा-पाण्यासह खणात बंद करावे. हाकायला जागाच उरत नाही आणि मादी पोटभर खाते.

“पिल्लांची डोकी फोडतात ती घूस नाहीतर मुंगूस.”

तानसाच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत हा संशय येणे साहजिक आहे. घूस, मुंगूस, रानमांजर, धामण, सगळेच आसपास असतात. पण प्रत्येकाची खूण वेगळी. धामण पिल्लू अख्खे गिळते, मागे काही ठेवत नाही. घूस ओढून नेते किंवा कुरतडते. मुंगूस आणि मांजर मान धरतात आणि शिकार उचलतात. पिल्लू जागेवरच आहे, अंग शाबूत आहे, फक्त टाळूवरची आणि मानेमागची कातडी सोललेली आहे, असे दिसले तर ते काम कबुतराचेच. पंख फुटू लागलेले पिल्लू खणातून खाली पडते, भुकेने चीं-चीं करत भलत्याच नराच्या हद्दीत शिरते आणि मार खाते. खणाच्या तोंडाशी चार बोटे उंचीची पट्टी ठोकावी आणि जमिनीवर एखादी फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवावी, म्हणजे पडलेल्या पिल्लाला लपायला आडोसा मिळतो. सोललेली जखम ताजी असेल तर स्वच्छ धुऊन, मलम लावून पिल्लू वेगळे ठेवल्यास बरेचदा वाचते.

“मान वाकडी झाली ती नराच्या फटक्याने.”

भांडण दिसलेले असते, नंतर मान वळलेली दिसते. दोन्हीची सांगड घातली जाते. फटक्याने डोळा जाईल, पिसे जातील, सूज येईल. मान उलटी वळणे, दाणा टिपताना नेम चुकणे, पातळ पाण्यासारखी विष्ठा ही लक्षणे बहुधा विषाणूची असतात. कोंबड्यांच्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या, विषाणूचाच एक प्रकार कबुतरांना होतो आणि तो सगळ्या ढाबळीत पसरतो. असा पक्षी त्याच दिवशी वेगळा करावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा; लसीचा सल्लाही तिथेच घ्यावा. आजार लपवू नये. शहापूर तालुक्यात वेहळोलीला फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू आढळला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिसरातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले होते.

“बाजरी, लसूण असे उष्ण खाणे बंद केले की रग उतरते.”

बाजरी थंडीत खाल्ली जाते. थंडीच्या मध्यानंतर दिवस वाढू लागतो, प्रकाशाबरोबर नराच्या शरीरातले संप्रेरक वाढते आणि तो घुमू लागतो. दोन्ही एकाच वेळी घडते आणि दोष बाजरीला लागतो. दाण्याचा संबंध आहे, पण वेगळा. डाळवर्गीय दाणे भरपूर असले की जोड्या विणीला तयार होतात, आणि विणीची तयारी म्हणजे हद्दीची भांडणे. वीण नको असेल तेव्हा नर-माद्या वेगळ्या ठेवून हलका दाणा द्यावा. मात्र उपाशी ठेवून नमवण्याचा प्रयत्न करू नये. दाणा कमी पडला की भांडण खणावरून थाळ्यावर येते, आणि तिथे दांडगाच जिंकतो. एका गोल थाळ्याऐवजी लांब पन्हळ ठेवली की सगळ्यांना तोंड घालता येते.

“पंख छाटले, चोचीचे टोक कापले की नमतो.”

हत्यार काढून घेतले की लढाई संपेल, हा त्यामागचा सरळ विचार. पण पंख छाटलेला नर बाहेर उडू शकत नाही, म्हणून दिवसभर आतच राहतो आणि त्याची सगळी शक्ती ढाबळीतच खर्च होते. जोड लागताना त्याला पंखांनी तोल सावरता येत नाही, त्यामुळे अंडी रिकामी निघतात. छाटलेली पिसे गळेपर्यंत त्या जागी नवी येत नाहीत. चोच तर जिवंत अवयव आहे, तिच्यात रक्त आणि संवेदना असतात. ती तोडली तर पिल्लांना भरवणेही अवघड होते. प्राण्याचा अवयव असा छाटणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरते.

“डालग्याखाली अंधारात चार दिवस ठेवला की सुधारतो.”

अंधारात कबूतर गप्प बसते, एवढेच यात खरे. चार दिवसांनी तो परततो तेव्हा त्याच्या खणात दुसरा बसलेला असतो आणि भांडण दुप्पट होते. कोंडायचेच तर त्याच्याच खणात, मादीसह, पुढे जाळीचे दार लावून कोंडावे. नवी जोडी आणली की हेच करावे: आठवडाभर खणात, मग एका वेळी एकच जोडी संध्याकाळी बाहेर, ती आपला खण स्वतः ओळखेपर्यंत.

“लाल डोळ्यांचा नर रागीटच निघतो.”

पिल्लांचे डोळे काळपट-तपकिरी असतात, वयात येताना ते नारिंगी-लाल होतात. लाल डोळ्यांचा नर म्हणजे बहुधा वयात आलेला नर, आणि हद्द राखतो तो वयात आलेलाच. पांढऱ्या डोळ्यांच्या जातींचे नरही तितकेच भांडतात.

“दांडगा नर जातिवंत. त्याचीच वीण वाढवावी.”

यात थोडे तथ्य आहे. बेल्जियममध्ये शर्यतीच्या नरांना आठवडाभर माद्यांपासून दूर ठेवतात आणि सोडण्याआधी मादी दाखवतात. आपल्या खणाच्या आणि मादीच्या ओढीने नर वेगाने घरी येतो. खणाची ओढ हा गुण आहेच. पण दुसऱ्याची पिल्ले मारणे हा त्या गुणाचा पुरावा नव्हे. पक्षी किती उडतो आणि कसा परततो, ते आकाशात पाहावे. खणातल्या मारामारीवरून जात ठरवणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा फुटकी अंडीच येतात.

“हाताला टोचतो, म्हणजे पिसाळला.”

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे. कबूतर पिसाळत नाही. अंड्यांवर बसलेला नर हाताला टोचतो, ते घर राखण्यासाठी. ओरखडा साबण-पाण्याने धुवावा. जपायचे ते विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीपासून. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्यातली भावना बाजूला ठेवली तरी वैद्यकीय मुद्दा खोटा नव्हता. या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. ढाबळ झाडताना नाक-तोंड झाकावे, आधी पाणी शिंपडावे. झाडल्यानंतर काही तासांनी पुन्हा पुन्हा खोकला, धाप किंवा कणकण येत असेल तर डॉक्टरांना कबुतरे पाळतो हे आपणहून सांगावे.

“माळशेजला नेऊन सोडला की ब्याद गेली.”

होमर असेल तर मुरबाडहून नेणाऱ्या माणसाच्या आधी तोच घरी पोहोचेल. लक्का किंवा शिराजी असेल तर परतणार नाही, पण जगणारही नाही; रानात दाणा शोधायची त्याला सवय नसते आणि शिक्रा वाटच पाहत असतो. खण वाढवले, मोकळ्या नराला मादी दिली, मध्ये फळ्या लावल्या, तरी एखादा नर पिल्ले मारतच राहिला, तर त्याला त्याच्या मादीसह वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे. तिथे तो बहुतेक वेळा उत्तम बाप ठरतो. विकायचा असेल, तर घेणाऱ्याला त्याची सवय आधी सांगावी आणि एकट्या जोडीसाठीच द्यावा. भरल्या ढाबळीत सोडण्यासाठी कुणी मागितला, तर देऊ नये.