रायगडावरच्या राण्या : कादंबरीतल्या आणि कागदातल्या

लावणी उरकली की आमच्या शिवथरच्या खोऱ्यात पावसाचे दिवस घरातच काढावे लागतात. श्रावणात संध्याकाळी ओसरीवर पोथी लागते. एका वर्षी पोथी संपल्यावर कादंबरी वाचायची टूम निघाली. पुतणीने शिवाजी सावंतांची 'छावा' आणली आणि कंदिलाजवळ बसून मोठ्याने वाचायला लागली.

वाचता वाचता सोयराबाईंचा भाग आला. बायकांनी कडाकडा बोटे मोडली. "मेलीने घर फोडलं!" कोणीतरी म्हणाले. आमची आत्या तेवढी गप्प होती. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "सवतीचा पोर धनी झाला तर आपल्या लेकराचं काय, हे कुठल्या आईच्या मनात येत नाही गं?" ओसरी चिडीचूप झाली.

वाचकहो, तुमच्या गावातही सावत्र भावांची वाटणी झाली असेल. तेव्हा आत्याचा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. शिवथर म्हटले की लोकांना समर्थांची घळ आठवते, पण रायगडही आमच्याच महाड तालुक्यातला. ज्या राणीवशात हे घडले त्याची जोती गडावर आजही दिसतात.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांना तोटा नाही. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक १९६२ चे, रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' १९६८ ची, 'छावा' १९७९ ची. २०२५ मध्ये 'छावा'वर हिंदी चित्रपटही आला. या सगळ्यांनी सोयराबाईंना घराघरांत पोचवले, पण बहुतेकदा कपाळावर आठ्या घातलेल्या बाईच्या रूपात. गोष्टीला खलनायिका लागते, हे मान्य. पण कागद काय सांगतात तेही ऐका.

सोयराबाई कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या, मोहित्यांची लेक. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणीचा मान त्यांचा होता. मुलगा राजाराम १६७० चा; संभाजीराजे त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठे, आई सईबाई त्यांच्या लहानपणीच वारलेल्या. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. त्याच महिन्यात दहा वर्षांच्या राजारामाला मंचकावर बसवले गेले. संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. त्यांना धरायला मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो निघाले, पण सेनापती हंबीरराव मोहित्यांनी या कारभाऱ्यांनाच कैद केले. आणि हे हंबीरराव कोण? सोयराबाईंचे सख्खे भाऊ! बहिणीच्या पोराला गादी मिळत असता भाऊ दौलतीच्या बाजूला उभा राहिला. मला तर साऱ्या कथेत हाच माणूस मोठा वाटतो.

आता संभाजीराजांचे स्वतःचे म्हणणे पाहा. १६८० च्या ऑगस्टमधले त्यांचे एक संस्कृत दानपत्र आहे. त्यात सावत्र आईचे मन स्फटिकासारखे निर्मळ होते आणि कारभाऱ्यांनी तिला भरीस घातले, अशा अर्थाचे लिहिले आहे. १६८१ मध्ये दुसरा कट उघडकीला आला, अण्णाजींसह अनेकांना देहान्त शिक्षा झाली आणि त्याच वर्षी सोयराबाईही वारल्या. त्यांच्या मरणाच्या भयंकर कथा पुढे पसरल्या. त्यांना मोठा आधार मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा, आणि ती सव्वाशे वर्षांनंतरची. बखरकार तर शिक्षा झालेल्या बाळाजी आवजींच्याच वंशातले. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये संभाजीचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा या साऱ्याची झाडाझडती झाली.

पण खरी गंमत पुढे आहे. १६८९ मध्ये संभाजीराजांना औरंगजेबाने मारले आणि रायगडाला वेढा पडला. येसूबाईंचा शाहू सात वर्षांचा. गादीवर त्याचा हक्क सांगायचा सोडून येसूबाईंनी राजारामांना पुढे केले, गडाबाहेर काढले आणि स्वतः लेकरासह मोगलांच्या कैदेत गेल्या. त्या सुटून परत आल्या त्या १७१९ मध्ये, तीस वर्षांनी. ज्या पोरासाठी सोयराबाई झुरल्या, तो राजा झाला तो त्यांच्या सावत्र सुनेमुळे!

आणि राजारामांची राणी ताराबाई? हंबीररावांची लेक, म्हणजे सोयराबाईंची भाची. १७०० मध्ये राजाराम वारले. ताराबाईंनी आपल्या लहानग्या मुलाला गादीवर बसवले आणि १७०७ पर्यंत औरंगजेबाशी टक्कर दिली. शाहू सुटून आले तरी त्यांनी हक्क सोडला नाही. मुलासाठी गादी धरून बसणे हे आत्याचेही तेच, भाचीचेही तेच. एकीला आपण रणरागिणी म्हणतो, दुसरीच्या नावाने बोटे मोडतो. ताराबाई लढल्या, राज्य राखले, हा फरक मोठाच. पण आईपणाचा हट्ट दोघींचा सारखाच. १७१४ मध्ये त्यांची सवत राजसबाई हिने ताराबाईंना मायलेकरांसह कैदेत टाकून आपल्या मुलाला कोल्हापूरच्या गादीवर बसवले.

हे मी ओसरीवर सांगितले तेव्हा आत्या खूप वेळ हसत होती. यंदा श्रावणात ताराबाईंवरचे पुस्तक लावायचे ठरले आहे. पुतणी वाचायला तयार आहे. आत्याची अट एवढीच, की राजसबाईचा भाग गाळायचा नाही.