कबरीला कुलूप!

दोस्तांनो, घराला कुलूप असतं, तिजोरीला असतं, सायकललाही असतं. पण कबरीला कुलूप? हो, कबरीलाच! खोटं वाटतंय? मग चला स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरा शहरात.

इथे 'ग्रेफ्रायर्स' नावाचं जुनं चर्च आहे. पूर्वी या जागी राखाडी झगे घालणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंचा मठ होता. त्यावरूनच हे नाव पडलं. मठ गेल्यावर १५६२ मध्ये मेरी राणीने ही जमीन दफनभूमीसाठी शहराला दिली. चर्चचं बांधकाम सुरू झालं १६०२ मध्ये आणि ते उघडलं १६२० मध्ये. म्हणजे दफनभूमी आधी आणि चर्च मागाहून!

चर्च लांबट आहे. खिडक्यांना टोकदार कमानी आणि भिंतींना बाहेरून दगडी टेकू. पण जुना मनोरा मात्र शोधू नका! शहराची बंदुकीची दारू त्या मनोऱ्यात ठेवत असत. १७१८ मध्ये तिचा स्फोट झाला आणि मनोरा उडाला. मग मोडलेली बाजू भिंत घालून बंद केली आणि भिंतीपलीकडे दुसरं चर्च बांधलं. एकाच इमारतीत दोन चर्च! मधली भिंत पाडून ती पुन्हा एक झाली, ती थेट विसाव्या शतकात.

आता बाहेर या. जुन्या थडग्यांवर कवट्या, हाडं, वाळूची घड्याळं कोरलेली दिसतील. घाबरू नका बरं! 'वेळ सरते आहे, आयुष्य नीट जगा,' असं ते दगड सांगतात.

आणि ते पाहा, कबरीवरचे लोखंडी पिंजरे! हेच आपलं कुलूप. भुतं बाहेर येऊ नयेत म्हणून नाही हं. चोर आत जाऊ नयेत म्हणून!

त्या काळी एडिंबरामध्ये डॉक्टरी शिकायला दूरदूरचे विद्यार्थी येत. शरीररचना शिकायची तर मृतदेह हवेत. कायद्याने मिळत ते मोजकेच. मग चोर रात्री ताज्या कबरी उकरून प्रेतं विकू लागले. ज्यांना परवडे, ते कबरीवर पिंजरा बसवत. काही आठवड्यांनी देह चोरांच्या उपयोगाचा राहत नसे. मग पिंजरा दुसऱ्या कबरीवर जाई. गरिबाने काय करायचं? रात्रभर पहारा!

प्रेतांना इतके पैसे मिळत, की १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी कबरी उकरण्याचीही तसदी घेतली नाही. त्यांनी जिवंत माणसं मारली, तब्बल सोळा! हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याच्याच देहाचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठात आहे.

१८३२ मध्ये नवा कायदा आला. बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळू लागले आणि प्रेतचोरी थांबली. पण बेवारस कोण? बहुतेक गरीबच. म्हणजे पुन्हा भार त्यांच्यावरच!

आज आपल्याकडेही अनेक जण स्वखुशीने देहदान करतात. डॉक्टरांना देह तेव्हाही हवे होते, आजही हवेत. फरक एकच. तेव्हा ते चोरून, विकत मिळत. आज माणसं ते आपणहून देतात. सांगा पाहू, या देणगीला कुलूप लागेल का?