‘बायोग्राफी ऑफ अ बॅचलर गर्ल’ (1935): न छापलेल्या आत्मचरित्राची धास्ती

एस. एन. बेअरमन यांचे ‘बायोग्राफी’ हे नाटक 1932 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तेथील व्यावसायिक नाट्यगृहांच्या परिसरात, आयना क्लेअर यांच्या प्रमुख भूमिकेसह रंगभूमीवर आले, आणि त्यावरूनच एमजीएम या चित्रपट कंपनीने एडवर्ड एच. ग्रिफिथ यांच्या दिग्दर्शनाखाली हा चित्रपट काढला. देशोदेशी हिंडलेली, नामवंतांची व्यक्तिचित्रे रंगवणारी मॅरियन (अ‍ॅन हार्डिंग) आपले आत्मचरित्र लिहू लागते. ते मागणारा तरुण, तडफदार संपादक रिचर्ड कर्ट (रॉबर्ट माँटगोमेरी) ढोंगी प्रतिष्ठितांवर चिडून असतो, तर तिचा जुना प्रियकर आणि आता निवडणुकीला उभा राहिलेला बनी नोलन (एडवर्ड एव्हरेट हॉर्टन) आपले नाव त्यात येईल म्हणून हवालदिल होतो.

विनोदाचे मर्म असे, की खळबळ माजते ती मजकुरामुळे नव्हे, तर तो छापला जाण्याच्या नुसत्या शक्यतेमुळे.

हा काळही नेमका अडचणीचा होता, कारण ‘प्रॉडक्शन कोड’ ही चित्रपटउद्योगाने 1930 मध्ये स्वतःवर घालून घेतलेली नीतिनियमावली जुलै 1934 पासून कडकपणे राबवली जाऊ लागली होती आणि स्वच्छंदी नायिकेकडे ती संशयानेच पाहत असे. मूळ नाटकाच्या शेवटी मॅरियन हस्तलिखित जाळते आणि तिची व कर्टची वाट वेगळी होते. सुखान्ताला सोकावलेल्या विनोदी नाटकांत एवढा कडवटपणा दुर्मीळच म्हणावा लागेल. चित्रपटाचा कॅमेरा जेम्स वाँग हाउ यांचा आहे, आणि हॉर्टन यांची घाबरगुंडी तर चुकवू नये अशीच आहे.